झेरॉक्स मशीन घेताय? नुसता स्पीड बघू नका!
यवतमाळ असो, पुसद असो की वणी, झेरॉक्सचं दुकान टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच: "मिनिटाला किती झेरॉक्स निघतात?"

1959 चं 'झेरॉक्स 914' मिनिटाला 7 प्रती काढायचं. आज 50-60 काढणारी मशीन दुकानात दिसते.

हे जमलं कसं? ड्रमवरची टोनर पावडर कागदावर येते आणि फ्यूजर तिला उष्णता व दाब देऊन पक्की करतो. स्पीड वाढला की कागदाला फ्यूजरमध्ये वेळ कमी मिळतो. म्हणून कमी उष्णतेत वितळणारे टोनर आले.

सेकंडहँड मशीन घेताना मीटर बघाच, पण सलग 100 प्रती काढून शेवटची बोटाने घासा. पावडर निघाली, तर फ्यूजर किंवा टोनरमध्ये गडबड आहे. तपासल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका!