पुंगळी उडते कशी, अडते कुठे

ऑलिम्पिकमधल्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात शेवटच्या मालिकेत पाच निशाण्यांवर पाच गोळ्या झाडायला अवघे चार सेकंद मिळतात. त्यात दोन गोळ्यांच्या मधे पिस्तुलाने रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, पुन्हा घोडा चढवायचा आणि नवं काडतूस चेंबरमध्ये बसवायचं. नेमबाज फक्त चाप ओढतो. बाकीच्या कामाला ना मोटर, ना बॅटरी. ज्या वायूने गोळी पुढे ढकलली, त्याचाच मागचा धक्का हे सगळं उरकतो.

काडतूस असतं पॉइंट टू टू लाँग रायफल. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, पण स्फोटाच्या क्षणी आतला दाब वातावरणाच्या दीड हजार पटींच्या वर जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळीचं पातळ पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि वायूची मागची वाट बंद होते. खरी गंमत पुढे आहे. या पिस्तुलांत चेंबरचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला कुलूप नसतंच! त्याला थोपवून धरतं ते त्याचं स्वतःचं वजन, आणि थोडीफार स्प्रिंग. ढोबळ हिशोब करा : बोल्ट अडीचशे ग्रॅमचा धरला, तर तो गोळीच्या जवळपास शंभरपट जड. म्हणून गोळी पंधरा सेंटिमीटरची नळी पार करते तेव्हा बोल्ट सरकलेला असतो दीडएक मिलिमीटर. दाब ओसरतो, पितळ केसभर आक्रसतं आणि मिळालेल्या वेगावर बोल्ट मागे धावत राहतो.

आता पुंगळी ओढून काढतो कोण? एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी नखी, असं वाटतं. पण झाडलेल्या पुंगळीला मागे रेटायला वायूच बहुधा पुरतो. नखीचं मोठं काम म्हणजे पुंगळीची कड बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवणं. मग विरुद्ध बाजूने इजेक्टरचा स्थिर दांडा आडवा येतो. एक कड नखीत धरलेली, दुसरीवर ठोकर : टोकावर टोला बसलेल्या विटीसारखी पुंगळी गिरकी घेत खिडकीतून बाहेर उडते.

बिघाड झाला की मला आधी पिस्तूल नाही, पुंगळ्या पाहाव्याशा वाटतात. सगळ्या एकाच जागी, सारख्या अंतरावर पडत असतील तर चिंता नको. पायाशीच घरंगळू लागल्या, तर बोल्ट मंदावला आहे. पुंगळी खिडकीत उभी अडकली, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही किंवा नखीने ती मधेच सोडली. आणि पुंगळी चेंबरमध्येच राहिली, कडेवर नखीचा ओरखडा असला, तर संशय चेंबरवर घ्यावा.

त्या संशयाला कारण आहे. या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. ते काजळीत मिसळून चेंबरमध्ये आणि नखीखाली साचतं, थंडीत आणखी घट्ट होतं. म्हणून पहिला उपाय ब्रश आणि चिंधी, तोही पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून. नंतर दुसऱ्या बनावटीचं काडतूस वापरून पाहावं, कारण स्प्रिंग आणि बोल्टचं वजन ठरावीक जोराच्या काडतुसाशी जुळवलेलं असतं. नखीची धार आणि तिची इवलीशी स्प्रिंग त्यानंतर पाहावी. पकडही तपासावी. मनगट ढिलं असलं तर अख्खं पिस्तूलच बोल्टबरोबर मागे जातं आणि बोल्टची धाव तोकडी पडते. कानस मात्र सगळ्यात शेवटी. उतावळेपणाने घासलेलं पोलाद परत भरून येत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्याच्या जलद टप्प्यात निशाण दर खेपेला फक्त तीन सेकंद समोर असतं. तिथे पुंगळी अडकली तर ती झटकून टाकायला हात शिवशिवतात. पण पिस्तूल निशाण्याच्या दिशेनेच धरून मोकळा हात वर करायचा आणि पंचाला बोलवायचं. आधीच बोल्टला हात लावला तर सवलत गेली. पुंगळी बाहेर पडली नाही हा नियमांत माफ होणारा बिघाड मानला जातो, आणि आंतरराष्ट्रीय नियम पुढे असंही सांगतो की, पुंगळ्या झेलणारा कॅचर लावल्यामुळे ती अडकली तरी ही माफी लागू आहे.