धुराड्यांचा कारागीर

कलबुर्गीहून वाडीकडे आगगाडीने जाताना शहाबादच्या परिसरापासून सिमेंटच्या कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. बिदर, भालकी, बसवकल्याण या भागांत उसाच्या कारखान्यांची धुराडी दुरून दिसतात. वाटसरूला त्यांचा उपयोग एवढाच, की गाव किती लांब राहिले ते कळावे. परंतु त्या धुराड्याच्या माथ्यावर विजेपासून रक्षण करणारी धातूची सळई कोणी तरी बसविलेली असते, तडकलेल्या भागाभोवती लोखंडी पट्टा कोणी तरी आवळलेला असतो, आणि धुराडे निकामी झाले म्हणजे ते उतरविण्यासही कोणी तरी वर चढावे लागते. हे काम करणारा माणूस कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

इंग्लंडात या कसबी माणसाला ‘स्टीपलजॅक’ असे नाव आहे. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा निमुळता मनोरा. त्याच्या टोकावरील वातकुक्कुट उतरविणे, त्यास सोनेरी मुलामा देऊन पुन्हा बसविणे, निखळलेला दगड सांधणे, ही त्या धंद्यातील जुनी कामे. पुढे वाफेचे युग आले, मनोऱ्यांहूनही उंच अशी गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि त्याच माणसाला ती कामेही मिळू लागली. मराठीत या धंद्याला रूढ असा एकच शब्द नाही. गवंडी, सुतार, लोहार आणि रंगारी या चौघांचे कसब एकाच अंगी असावे आणि शिवाय डोळ्यांस भोवळ येऊ नये, असा हा धंदा होय. त्या धंद्यातील एका माणसास दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचविले. त्याचे नाव फ्रेड डिब्ना.

डिब्नाचा जन्म २८ एप्रिल १९३८ रोजी लँकेशायरमधील बोल्टन या गावी झाला. बोल्टन हे नाव आपल्याकडील गिरणगावाला अगदीच परके नाही. सूत कातण्याचे ‘म्यूल’ नावाचे यंत्र सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली याच गावी सिद्ध केले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी कातणीची यंत्रे मागविली ती बव्हंशी बोल्टन, ओल्डहॅम अशा लँकेशायरच्या गावांतील कारखान्यांकडूनच. आणि ज्या बाष्पकाला आपले गिरणी कामगार ‘लँकेशायर बॉयलर’ म्हणत, त्याच्या नावातच त्याचे मूळ गाव आहे. मुंबई, सोलापूर आणि कलबुर्गीची एम. एस. के. मिल यांच्या आवारांत उभी राहिलेली धुराडी ही या अर्थाने बोल्टनच्या धुराड्यांची दूरची भावंडेच म्हणावयाची.

शाळेच्या वाटेवर हा मुलगा धुराड्यांवर काम करणारी माणसे पाहत उभा राही. शाळा सुटल्यावर तो सुतारकाम शिकला. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास दहा शिलिंगांच्या पैजेवर तो बॅरो ब्रिज येथील २६२ फूट उंचीच्या धुराड्यावर चढला आणि माथ्यावर दोन निशाणे बांधून उतरला. हा निव्वळ तरुणपणाचा हूडपणा होता. त्याची वाखाणणी करण्याचे कारण नाही. खरे कौतुक पुढचे आहे. लष्करातील सक्तीची नोकरी संपवून १९६२ साली तो परतला, आणि त्याच उंचीवर रोज, थंडीत व वाऱ्यात, पोटासाठी चढू लागला. आरंभी कामे थोडी मिळत. पुढे बोल्टनच्या पॅरिश चर्चच्या दुरुस्तीचे काम त्याच्याकडे आले, त्याचा गावभर बोलबाला झाला आणि धंद्यास बरकत आली.

धुराड्यावर चढावयाचे कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. दोनशे फुटांची शिडी कोठेही मिळत नाही. पहिली शिडी भिंतीला टेकवून उभी करावयाची. तिच्या वरच्या टोकाशी जाऊन विटांच्या दरजेत छिन्नीने भोक पाडावयाचे, त्यात लाकडाची खुंटी ठोकावयाची आणि त्या खुंटीत लोखंडी आकडा मारून शिडी त्यास दोरीने जखडावयाची. मग त्याच शिडीवर उभे राहून, हात पुरेल तेवढ्या उंचीवर, पुन्हा भोक, पुन्हा खुंटी, पुन्हा आकडा. त्यास कप्पी अडकवून दोरखंडाने दुसरी शिडी वर ओढावयाची आणि पहिलीच्या माथ्यावर बांधावयाची. याप्रमाणे शिडीवर शिडी चढत जाते. चढणाऱ्याचा जीव त्याने स्वतः ठोकलेल्या खुंट्यांवर अवलंबून असतो. एक खुंटी ढिली राहिली तर दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

सर्वांत बिकट जागा माथ्याजवळ येते. जुन्या गिरणीमालकांना शोभेची हौस फार. धुराड्याच्या टोकाला ते मुकुटासारखी बाहेर झुकलेली कड बांधून घेत. तेथे शिडी उभी राहत नाही, ती मागे कलते, आणि चढणाऱ्याला पाठ जमिनीकडे करून, केवळ हातांच्या बळावर, त्या कडेवरून वर जावे लागते. वर गेल्यावर फळ्यांची परांची बांधावयाची ती पुन्हा त्याच अधांतरी जागी बसून. डिब्ना हे सारे करताना डोक्याला शिरस्त्राण नाही, कमरेला पट्टा नाही, एक कापडी चपटी टोपी तेवढी घातलेली, असा चित्रपटांत दिसतो. पाहणाराचे तळवे घामेजतात. तो मात्र खालच्या माणसाशी जुन्या विटांच्या घडणीविषयी गप्पा मारीत असतो.

हे सारे जगाला दिसले ते १९७८ नंतर. त्या वर्षी बोल्टनच्या नगरभवनावर तो दुरुस्तीचे काम करीत असता बीबीसीच्या प्रादेशिक वार्ता विभागाने त्याचे चित्रीकरण केले. नंतर डॉन हॅवर्थ या निर्मात्याने त्याच्यावर पूर्ण अनुबोधपट केला, आणि १९७९ सालच्या त्या अनुबोधपटाला ब्रिटनचे मानाचे ‘बाफ्ता’ पारितोषिक मिळाले. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. दूरचित्रवाणीशी कलबुर्गी जिल्ह्याचा परिचय याच काळातला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, आणि कर्नाटकातून त्यात गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते. शेती, आरोग्य, शिक्षण हे त्या कार्यक्रमांचे विषय. आणि एका संचाभोवती सारे गाव जमे. पडद्यावर शहाणी माणसे बोलत आणि कष्टकरी माणसे ऐकत, असाच त्या माध्यमाचा सर्वसाधारण रिवाज होता, येथेही आणि इंग्लंडातही. डिब्नाच्या चित्रपटात तो उलटा झाला. हातात छिन्नी असलेला माणूस बोलत होता, तेही आपल्या गावच्या ठसकेबाज बोलीत, आणि शहाणी माणसे ऐकत होती.

बिदरला महमूद गावानचा मदरसा पाहावयास जाणारास १४७२ हे साल आणि त्या वजिराचे नाव सांगितले जाते. दोन मनोऱ्यांपैकी जो एक उरला आहे, त्यावर अजूनही थोड्या रंगीत फरशा दिसतात. त्या तेवढ्या उंचीवर परांचीत बसून कोणी जडविल्या, याची नोंद नाही. डिब्नाच्या हाताखालची विद्या जगाला कळली ती कॅमेऱ्यामुळे; एरवी तोही त्याच निनावी माणसांपैकी एक राहिला असता.

मात्र ज्या कामाने त्याची कीर्ती झाली ते बांधण्याचे नव्हे, पाडण्याचे. कापडाचा धंदा बुडत गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि धुराड्यांची दुरुस्ती करविणारा मालक उरला नाही. पाडविणारे मात्र पुष्कळ निघाले. सुरुंगाची दारू डिब्नाला पसंत नव्हती. त्याची रीत जुनी होती. धुराडे ज्या दिशेला पडावयाचे त्या बाजूने तळाच्या विटा थोड्या थोड्या काढावयाच्या आणि काढलेल्या जागी लगेच लाकडाचे धीरे ठोकून पाचरी मारावयाच्या. असे करीत तळाचा जवळजवळ अर्धा घेर पोखरला, की शेकडो टनांचा भार एका बाजूला विटांवर आणि दुसऱ्या बाजूला लाकडावर येतो. मग धीऱ्यांभोवती जळण रचून आग लावावयाची. लाकूड जळते, आधार जातो, मागच्या बाजूला तडा उमटतो आणि धुराडे ठरलेल्या जागी आडवे होते. त्या तड्याकडे पाहत डिब्ना अगदी जवळ उभा असे. तो वाढू लागला की भोंगा वाजवून पळे. अशी ९० धुराडी त्याने पाडली. जेथे आजूबाजूस घरे असत आणि पडावयास जागा नसे, तेथे तो माथ्यावर बसून एकेक वीट हाताने काढून धुराड्याच्या पोटात टाकी. त्यात महिने जात.

पाडल्यावर लोक टाळ्या वाजवीत आणि तोही हसे. पण त्याच्या मनात दुसरेही काही होते, आणि ते त्याने लपविले नाही. ज्या गवंड्यांनी ही धुराडी रचली, त्यांच्या कामाचा त्याच्याइतका जाणकार क्वचितच कोणी असेल. आणि त्यांचे काम नाहीसे करण्यावरच त्याची चूल पेटत होती. तो वाफेच्या युगाचा भक्त होता. १९१२ साली बांधलेला एक मोडका वाफेचा रोलर त्याने विकत घेतला आणि तब्बल चौदा वर्षे खपून तो चालता केला. आपल्या आईचे ‘बेट्सी’ हे नाव त्यास दिले. या भक्तीची किंमत घरच्यांनीही मोजली. त्याचे पहिले दोन विवाह टिकले नाहीत, आणि पत्नीपेक्षा यंत्राला अधिक वेळ देणाऱ्या माणसाविषयी सरसकट गोड बोलणे बरे नव्हे.

त्याच्या बेदरकार चढण्याविषयीही तसेच. कमरेचा पट्टा न लावणे हे शौर्य नव्हे. ब्रिटनमध्ये उंचावरील कामाविषयी कडक नियम लागू झाले ते एप्रिल २००५ मध्ये, डिब्नाच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांनी. आपल्याकडे बांधकाम मजुरांसाठी कायदा १९९६ सालीच झाला, परंतु बांबूच्या परांचीवर अनवाणी उभा असलेला रंगारी आजही कोणत्याही शहरात दिसतो. त्याला पट्टा नको असतो असे नाही. त्याला तो कोणी दिलेला नसतो. डिब्नाने निदान स्वतःची खुंटी स्वतः तपासली होती, आणि न चढण्याचे स्वातंत्र्यही त्याला होते.

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याचे उंच धुराडे विमानतळासाठी जमीनदोस्त करण्यात आले. ते कोसळतानाची चित्रे त्याच दिवशी बिदर-कलबुर्गीपर्यंत हातोहात पोहोचली. काही क्षणांचे ते दृश्य होते, आणि त्यात माणूस कोठेच नव्हता. डिब्नाच्या चित्रपटांत धुराडे पडण्याचे दृश्य तेवढेच लहान. बाकीचा सारा वेळ भोके, खुंट्या, दोऱ्या आणि पाचरी यांचा असतो.

२००४ साली त्याला ‘एम. बी. ई.’ हा राजसन्मान मिळाला. तेव्हा कर्करोगाने तो पुरता खंगलेला होता. तरीही त्याच वर्षी आपले वाफेचे इंजिन घेऊन, जुन्या कारखान्यांना भेटी देत, त्याने शेवटच्या मालिकेचे चित्रीकरण केले. ६ नोव्हेंबर २००४ रोजी त्याचे निधन झाले. बोल्टनच्या रस्त्यांवर हजारो माणसे दुतर्फा उभी होती. त्यानेच दुरुस्त केलेल्या वाफेच्या इंजिनामागे त्याची शवपेटी होती, इंजिन त्याचा मुलगा चालवीत होता, आणि पेटीवर ती कापडी चपटी टोपी ठेवलेली होती. अंत्यविधीची प्रार्थना झाली ती पॅरिश चर्चमध्ये, ज्याच्या दुरुस्तीने त्याचा धंदा प्रथम मार्गी लागला होता त्याच.