वाढीव पाट्यांची वीस वर्षं

बीड जिल्ह्यात ट्रकची मागची बाजू उचलली गेली ती हौसेपोटी नाही, उसापोटी. दिवाळीच्या आगेमागे गाडी कारखान्याला लावायची, तर आधी जादा ऊस पेलावा म्हणून मागच्या बाजूला कमानीचे (लीफ स्प्रिंगचे) दोन-तीन पाटे वाढवायचे, लांब यू-बोल्ट कसायचे, की गाडी हंगामाला तयार. ९ नोव्हेंबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने जादा भार वाहायला मनाई केली, तरी ही रीत सुटली नाही.

भरल्या गाडीत हे पाटे आपलं काम करतात. खरा त्रास रिकाम्या परतीला. मागची बाजू उंच राहते, गाडी पुढे झुकते आणि किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. मग वळण संपलं तरी स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही. धारूरच्या अरुंद घाटात रिकामी गाडी उतरवताना ड्रायव्हरला सारखं स्टेअरिंग सावरत राहावं लागतं ते यामुळे.

पुढे पाटे वाढवले तर दुखणं वेगळं. एक्सल चासीपासून लांब जातो, ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, तिरपी होते आणि चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग झटका मारतं. मालक अलाइनमेंट करायला जातो. तिथे बहुधा टो-इनच, म्हणजे पुढची चाकं आत किती वळली आहेत तेवढंच, बघतात, आणि एकसंध एक्सलला उंची वाढल्याने टो-इन फारसा बदलत नाही. तरीही दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवला जातो, नीट असलेलं माप बिघडतं आणि नवे टायर कडेने खाल्ले जातात. पॉवर स्टेअरिंग आल्यावर तो झटका हाताला कमी जाणवू लागला; दोष होता तिथेच राहिला.

मधल्या काळात नियमही बदलले. जुलै २०१८ मध्ये केंद्राने दोन एक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं बजावलं. त्याच वर्षी कायदा बदलून जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा झाला. माझ्या मते वाढीव पाट्यांचा विषय तिथेच संपायला हवा होता.

तेव्हा मालकांनो, हंगामाआधी वाढीव पाटे उतरवा. स्टेअरिंग ओढत असेल, तर टाय रॉडला हात लावण्याआधी कॅस्टर आणि ड्रॅग लिंक तपासून घ्या. त्या गाडीत उसावर बसून तोडणी कामगारांची बायकापोरंही येतात.