चाळीस टक्के, पण कशाचे?

‘बलात्काराची वृत्ती रक्तातूनच येते का?’ असं एका वाचकाने विचारलंय. स्वीडनमधल्या २०१५ च्या संशोधनाच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या असाव्यात. १९७३ ते २००९ या काळात लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या २१,५६६ पुरुषांच्या नोंदी तिथे तपासल्या गेल्या. दोषींच्या सख्ख्या भावांत असे गुन्हे इतरांच्या सुमारे पाचपट निघाले. पाचपट म्हणजे किती? अर्ध्या टक्क्याचे अडीच टक्के. शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक भावांवर असा ठपका नव्हताच. शिवाय ही गणती शिक्षा झालेल्यांची. जे गुन्हे चौकीपर्यंत पोचलेच नाहीत ते तीत कुठून येणार?

मथळ्यांत गाजला तो ‘४० टक्के आनुवंशिक’ हा आकडा. ही काही एका माणसाच्या गुन्ह्याची वाटणी नव्हे, ती माणसामाणसांतल्या फरकाची. एका रानात सगळ्या ज्वारीला सारखंच खत-पाणी मिळालं, तर कणसांतला फरक बियाण्याचाच दिसणार. अर्धं रान कोरडं ठेवा, तेच बियाणं, पण टक्का लगेच बदलेल. स्वीडन तर बऱ्यापैकी एकसारखं ओलिताचं रान!

मग एखादं ठरावीक जनुक? इथे मला आठवतं एक डच कुटुंब. १९७८ मध्ये त्यातली एक स्त्री नायमेखेनच्या रुग्णालयात आली. घरातल्या कित्येक पुरुषांची बुद्धी मंद, वागणं हिंसक. कुणी आगी लावलेल्या, कुणी बलात्काराचा प्रयत्न केलेला. आपल्या मुलांचं काय होईल, ही तिची धास्ती. हान्स ब्रुनर यांनी १९९३ मध्ये दोष शोधला: एक्स गुणसूत्रावरचं ‘एमएओए’ जनुक बिघडल्याने सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकरच तयार होत नव्हतं. श्रेय ब्रुनरना मिळालं, ते योग्यच. पण याच घरातल्या एका नातेवाइकाने १९६२ मध्येच अशा नऊ पुरुषांची नोंद करून ठेवली होती. त्याचं नाव कुणी घेत नाही.

असा पुरता बिघाड अतिदुर्मीळ. पुढे ‘योद्धा जनुक’ म्हणून मिरवलं गेलं ते याच जनुकाचं कमी सक्रिय रूप. युरोपीय वंशाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या पुरुषांत ते असतं आणि त्यातले बहुतेक मुकाट्याने नोकरी-धंदा करतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या मुलांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रूपाचा समाजविघातक वागण्याशी संबंध ठळक दिसला तो बालपणी छळ सोसलेल्यांत. पुढच्या काही अभ्यासांत तो तितका ठळक उरला नाही.

तरीही २००९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा वर्षाने घटवली, आणि त्याच्या कारणांत हे जनुकही होतं.