वायरीतून सूर जात नाही (सुरांची जोडणी : भाग ५)

मागच्या आठवड्यात कीबोर्डच्या आतले टोन पाहिले. आज त्याच्या पाठीकडे वळू. तिथं दोन-तीन सॉकेट वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली असतात.

आपल्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याचं नाव ‘कॅसिओ’च. भीमगीतांच्या पार्टीत कॅसिओ, ऑर्केस्ट्रात कॅसिओ, सप्ताहातही कॅसिओ. लातुरात औसा रोडला राहणाऱ्या माझ्या एका वादक मित्राने लॅपटॉप घेतला, कीबोर्डच्या चौकोनी यूएसबी सॉकेटमधून वायर जोडली आणि मला फोन केला, “आवाज यायलाच नाही, सर. वायर बाद दिसते.”

वायर ठणठणीत होती. ती बोलते मिडी, म्हणजे वाद्यांची आपसातली भाषा. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही, जातो तो निरोप : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60 नंबर, काळी एक 61. जोर 1 ते 127. हा निरोप ऐकून पलीकडचं यंत्र आपल्याजवळचा टोन वाजवतं. लॅपटॉपमध्ये टोनच भरलेला नसेल, तर निरोप पोचूनही सगळं गप्प.

ही भाषा ठरली तेव्हा सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यात पुढाकार घेतला. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 ही दोन कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडली गेली. एकावर बोट ठेवलं की दुसरं वाजे. वायर पाच पिनांची गोल. वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे एका सुराचा निरोप साधारण एक हजारांश सेकंदात पोचतो. जोडायची रीत सोपी : एकाचं ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये. ‘आउट’ला ‘आउट’ जोडून तासभर डोकं खाजवणारे मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

एका वायरीत 16 चॅनल मावतात. कीबोर्ड 1 वर, ऑक्टापॅड 10 वर ठेवला की ढोलकीच्या थापेला पलीकडून सनई वाजत नाही.

खरी गंमत ट्रान्सपोजची. गायक म्हणतो, “काळी एक धर.” वादक पांढरी एकचीच बोटं ठेवून ट्रान्सपोज एकने चढवतो. बऱ्याच कीबोर्डांत बाहेर जाणारा नंबरही त्याबरोबर सरकतो. मिडीने जोडलेल्या दुसऱ्या कीबोर्डवरही कुणी एक चढवलेला असेल, तर तो पांढरी दोन वाजवतो. गायक वैतागून वादकाकडे बघतो, वादक साउंडवाल्याकडे.

आता घरघर. लॅपटॉप यूएसबीने जोडला, कीबोर्डची लाइन मिक्सरला दिली, की बॉक्समधून भुंगा सुरू. जुन्या गोल वायरीत हा त्रास सहसा नसतो, कारण घेणाऱ्या यंत्राच्या ‘इन’मागे एक चिमुकला दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा भाग असतो. निरोप उजेडाने पलीकडे जातो, वीज जात नाही. यूएसबीत ही फट नाही. लॅपटॉपचा चार्जर, कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचं एक कडं तयार होतं आणि त्यातून विजेची गुणगुण फिरत राहते. चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर दोष त्या कड्याचा. मग कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावा. अर्थिंगची तिसरी पिन मात्र तोडू नका. मांडवात, ओल्या जमिनीवर, ती पिनच जीव वाचवते.

मित्राच्या लॅपटॉपमध्ये टोन भरले, तेव्हा नवीन तक्रार आली : प्रत्येक सूर दुहेरी. बोट एकच, पण कीबोर्ड स्वतःही वाजवत होता आणि लॅपटॉपने परत पाठवलेला निरोप ऐकून पुन्हाही वाजवत होता. त्यासाठी ‘लोकल ऑफ’ करायचं. मग पट्ट्यांचा आतल्या टोनशी थेट संबंध तुटतो. केलं. आवाज स्वच्छ झाला, मित्र खूश.

आठवड्याने नांदेडहून त्याचा फोन. लॅपटॉप घरी ठेवून तो कार्यक्रमाला गेला होता. मागे साउंडवाल्याचं “चेक, चेक” चालू. “सर, कॅसिओ गेला. पाच वायरी बदलल्या, आवाजच नाही.”

बहुतेक कीबोर्ड बंद करून चालू केले की लोकल आपोआप ऑन होतं. त्याचं मॉडेल ते लक्षात ठेवणारं निघालं.