अंतराळवीर कल्पना चावला : चरित्र, कार्य आणि अंतिम विश्रामस्थान

अंतराळवीर कल्पना चावला यांचे नाव खेड्यापाड्यांतील मुलांनाही ठाऊक असते. त्या अंतराळात गेल्या व परतताना मृत्यू पावल्या, एवढीच माहिती मात्र पुष्कळदा दिली जाते. त्यांचे जीवन, कार्य व अखेर यथार्थपणे सांगितल्यास वर्गास अधिक बोध होतो.

त्यांचा जन्म १७ मार्च १९६२ रोजी करनाल येथे झाला. हे शहर त्या वेळी पंजाबात होते. आज ते हरियाणात आहे. घरी त्यांना ‘मोंटो’ म्हणत. रीतसर नाव ठेविलेले नव्हते. टागोर बालनिकेतन शाळेत दाखल करतेवेळी घरच्या मंडळींनी दोन-तीन नावे सुचविली, तेव्हा शाळेने मुलीलाच विचारले आणि तिने ‘कल्पना’ हे नाव निवडले. मॅट्रिकच्या परीक्षेस वयाची अट आड येऊ नये म्हणून शाळेत जन्मतारीख १ जुलै १९६१ अशी लिहविण्यात आली व तीच पुढे अधिकृत ठरली. जुन्या दाखल्यांवर १ जून ही तारीख वारंवार पाहणाऱ्या शिक्षकांस याचे नवल वाटणार नाही.

१९८२ साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून विमानविद्येची पदवी घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. १९८८ साली कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रात कार्यास आरंभ केला. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली. १९ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर १९९७ या पहिल्या सफरीत ‘कोलंबिया’ यानाने पृथ्वीस २५२ प्रदक्षिणा घातल्या.

दुसरी सफर १६ जानेवारी २००३ रोजी सुरू झाली. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. असे तुकडे पूर्वीही पडले होते व यान सुखरूप परतले होते; म्हणून धोका गौण मानला गेला. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे घेण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारी रोजी यान वातावरणात शिरताच पंखाच्या छिद्रातून अतितप्त वायू आत घुसले आणि उतरण्यास सुमारे १६ मिनिटे उरली असता टेक्सासवर यान भंगले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. भारतात तेव्हा सायंकाळ होती.

कल्पना चावला यांच्या पार्थिवावर दहनसंस्कार झाला व अस्थिरक्षा अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात विसर्जित करण्यात आली. डोंगरदऱ्यांतील पायी भटकंतीची त्यांना आवड होती. वॉशिंग्टननजीकच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत सातही जणांचे स्मारक आहे. मंगळावरील एका टेकडीसही त्यांचे नाव दिले आहे.

भारतातील स्मरण धाराशिव जिल्ह्यास अधिक जवळचे वाटेल. १२ सप्टेंबर २००२ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या हवामान उपग्रहास फेब्रुवारी २००३ मध्ये ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो ढगांची चित्रे पाठवीत असे. आता तो सेवेत नाही. तथापि मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या या अवर्षणप्रवण मुलखात त्याचे काम मुलांस सहज समजेल.

१ फेब्रुवारीच्या परिपाठात हा विषय घेताना नकाशावर करनाल, चंदीगड, श्रीहरिकोटा, टेक्सास व युटा ही स्थळे दाखवावीत. अपघात दैवाने झाला असे न सांगता, मिळालेली सूचना दुर्लक्षिली गेल्याने तो टळू शकला नाही, हे वरच्या वर्गांस समजावून द्यावे. लहान वर्गांस शाळाप्रवेशाचा प्रसंग सांगावा. त्यातील मुलगी त्यांच्याच वयाची होती आणि तिला शाळेने प्रश्न विचारून तिचे उत्तर नोंदवून घेतले होते.