बदामाचें पान आणि माशांचें पाणी

कोंकणपट्टींतील किंवा मुंबईंतील एखाद्या जुन्या शाळेचें आवार आपण डोळ्यांपुढें आणा. त्यांत बहुधा एक देशी बदामाचें झाड असावयाचेंच. फांद्यांचे आडवे मजले टाकीत तें वाढतें, आणि थंडीचे दिवस आले म्हणजे त्याचीं वीतभर लांबीचीं पानें तांबडीं होऊन गळूं लागतात. शिक्षकाच्या पेशांत असतांना हा पाचोळा मीं मुलांकरवीं अनेक वर्षें झाडून घेतला व जाळून टाकविला. तोच पाचोळा काचपेटींत मासे पाळणारे लोक पैसे देऊन विकत घेतात, हें मला निवृत्तीनंतर नातवाकडून कळलें. सुकलेलें पान पाण्यांत टाकल्यानें काय होतें, आणि काय होत नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

देशी बदाम नांवानें बदाम असला, तरी खऱ्या बदामाशीं त्याचें नातें नाहीं. हिरडा, बेहडा, अर्जुन व ऐन हीं त्याचीं भावंडें. वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांस टर्मिनॅलिया या एकाच वंशांत घालतात. हिरडा चघळला असतां तोंड आवळून येतें, हें आपणांस ठाऊक आहेच. तो तुरटपणा ज्या द्रव्यांचा, त्यांस टॅनिन म्हणतात. कातडें कमावण्यास हिरडा लागतो तो त्यांच्याचसाठीं. बदामाच्या पानांतही हीं द्रव्यें पुष्कळ असतात. पान भिजलें म्हणजे टॅनिन, आणि पान कुजतांना तयार होणारीं ह्युमिक आम्लें, हळूहळू पाण्यांत उतरतात. पाण्यास कोऱ्या चहासारखा रंग येतो, त्याची आम्लता किंचित् वाढते, आणि बुरशीच्या व कांहीं जंतूंच्या वाढीस थोडाबहुत आळा बसतो.

आतां कोणी विचारील कीं, गढूळ पाणी निवळावें म्हणून घागरीस आंतून निवळीचें बी घासण्याची चाल ज्या देशांत, तेथें चांगलें पाणी मुद्दाम रंगवावयाचें हें विपरीत नव्हे काय? याचें उत्तर माशांच्या जन्मभूमींत सांपडतें. ज्यास आपलीं मुलें फायटर म्हणतात, तो लढाऊ मासा मूळचा थायलंड व आसपासच्या प्रदेशांतील. उथळ दलदली व भातखाचरें हें त्याचें घर. तेथें पालापाचोळा पाण्यांत कुजतच असतो. त्या बाजूस बदामाचें झाडही विपुल. मलायी भाषेंत त्यास केतापांग म्हणतात, व त्यावरूनच त्याच्या शास्त्रीय नांवांत कटाप्पा हा शब्द आला. दक्षिण अमेरिकेंतील रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, हिचें पाणी तर अरण्यांतील पानांच्या अर्कानेंच काळसर झालें आहे, आणि कार्डिनल टेट्रा नांवाचे तांबड्यानिळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे तिच्याच खोऱ्यांतले. अशा माशांस रंगीत पाणी म्हणजे घाण नव्हे. तें त्यांचें माहेर आहे.

परंतु पाणी सर्वत्र सारखें नसतें. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणास फेस येत नाहीं, त्यास आपण जड पाणी म्हणतों. अशा पाण्यांत विरघळलेले क्षार पानांतून उतरणारें आम्ल तेथल्या तेथें मारून टाकतात. मीं एका बरणींत पावसाचें व दुसरींत विहिरीचें पाणी घेऊन दोहोंत एकेक पान टाकलें. रंग दोन्हींस आला. पण आठ दिवसांनीं आम्लता दाखविणारी कागदाची पट्टी बुडविली, तेव्हां पावसाच्या पाण्यांत फरक स्पष्ट दिसला, विहिरीच्या पाण्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. रंग दिसला म्हणून गुण आला असें समजूं नये.

माझ्या हातून घडलेली चूकही सांगतों. एका उन्हाळ्यांत नातवाच्या पेटींतील मासे मलूल दिसले. पान गुणकारी, तर अधिक पानें अधिक गुणकारी, अशा हिशेबानें मीं झाडावरचीं अर्धवट हिरवीं दहाबारा पानें तोडून एकदम आंत टाकलीं. तिसऱ्या दिवशीं पहाटे सर्व मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडमीट करीत होते. दोन मेले होते. ताज्या पानांतील रस कुजतांना जंतूंनीं पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकला होता, आणि ऊन पाण्यांत तो मुळांतच कमी असतो. नातू रागावला नाहीं, "आजोबा, आपण आधीं पाणी कां तपासलें नाहीं?" एवढेंच त्यानें विचारलें. आयुष्यभर मीं मुलांना जो प्रश्न विचारीत आलों, तोच मला परत मिळाला.

म्हणून रीत अशी धरावी. आपोआप गळलेलीं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलीं पानेंच घ्यावींत. औषध फवारलेल्या झाडाखालचीं किंवा रस्त्याच्या धुळीनें माखलेलीं घेऊं नयेत. तीं स्वच्छ धुवावींत. साधारण ४० लिटर पाण्यास एक मोठें पान पुरे. तें प्रथम तरंगतें, कांहीं दिवसांत तळाशीं बसतें. तीन-चार आठवड्यांनीं बदलावें. गाळणींत कोळसा असल्यास तो पानांचा अर्क शोषून घेतो, हें ध्यानांत ठेवावें. गप्पी, मॉली व गोल्डफिश या माशांस जड पाणीच मानवतें. त्यांना पानाची गरज नाहीं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविणें हें पानाचें काम नव्हे, आणि माशांच्या विष्ठेपासून होणारा अमोनिया तर पानानें मुळींच जात नाहीं. त्यासाठीं दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलण्याचे कष्ट घ्यावेच लागतात.

श्रोतेहो, नदींतल्या माशास पाणी आवडलें नाहीं तर तो दुसरीकडे पोहत जातो. काचपेटींतल्या माशास ती सोय नाहीं. आपण देऊं तेंच त्याचें जग. तेव्हां पान हातीं घेण्यापूर्वीं मासा कोठला आणि पाणी कसें, हे दोन प्रश्न आपण स्वतःस विचारावे, इतकीच माझी विनंती आहे.